वेलांटी पुसताना

मिरजेला आमच्या घरामागच्या गल्लीत तंबोरे करणारे एक काका राहायचे. भर दुपारी गल्ली झोपलेली असताना त्यांच्या खोलीतून एकच तार वाजत राहायची. वाजायची, थांबायची, कानशीचे दोन हलके हात ऐकू यायचे, आणि पुन्हा तीच तार. लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा. पुढे आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगितलं, की काका जवारी काढतायत. तारेखालच्या घोडीचा माथा इतका अलगद घासायचा की तार त्यावर नुसती टेकून राहत नाही, थरथरताना त्याला शिवत शिवत जाते, आणि त्या शिवण्यातून एका स्वराच्या पोटातले कितीतरी स्वर बाहेर येतात.

२०१४ च्या मे महिन्यात मी मिरजेला गेले तेव्हा ती तार तशीच वाजत होती. माझ्या पिशवीत तीस-बत्तीस पानांचा एक मसुदा होता. मी पुण्यात मोबाइलचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनीत होते, आणि माझ्या नावावर अमेरिकेत पेटंटचा अर्ज जायचा होता. सही करण्याआधी एकदा वाचून दे, असं वकिलांनी कळवलं होतं. आप्पांना दाखवावं, त्यांना अभिमान वाटेल, अशी माझी मनापासून इच्छा होती.

आधी शोध काय होता ते सांगते. फोनवर मराठी लिहिताना खोडणं हा एक त्रास आहे. आपल्याला 'स्त्री' हे एक अक्षर दिसतं. फोनच्या लेखी मात्र ते सहा तुकडे असतात: स, हलन्त, त, हलन्त, र, आणि दुसरी वेलांटी. मागे जाण्याची कळ दाबली की शेवटचा तुकडा जातो. शब्दाच्या शेवटी चूक असेल तर ठीक. पण 'किती' लिहिताना पहिल्या 'कि'ची वेलांटी चुकली, तर एक तर मागचं सगळं खोडत जायचं, नाहीतर त्या बारीकशा जागेत कर्सर नेऊन ठेवायचा. माझ्या आईसारख्या माणसांना ते जमत नाही, ती पूर्ण शब्द खोडून नव्याने लिहितात. मी असं केलं होतं, की चुकलेल्या वेलांटीवरच बोट घासायचं. वेलांटी जाते, खालचं व्यंजन तसंच राहतं. बोट नेमकं कशावर घासलं गेलं हे ओळखणं अवघड होतं, कारण पहिली वेलांटी अक्षराआधी दिसते पण साठवली जाते नंतर, आणि रफार तर भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. त्यात माझे पाच महिने गेले होते. ते काम चांगलं झालं होतं, असं मी आजही म्हणेन.

आप्पांनी चष्मा लावून मसुदा वाचायला घेतला. दावे म्हणतात तो, हक्क नेमका कशावर मागितला आहे ते सांगणारा भाग वकिलांनी त्यांच्या भाषेत लिहिला होता. एक किंवा अधिक प्रोसेसर, स्पर्शसंवेदी पृष्ठभाग, त्यावर दर्शवलेला चिन्हसमूह, त्यातल्या अवलंबी चिन्हाच्या क्षेत्रावर झालेली पुनरावर्ती हालचाल. स्वतःचं मूल शाळेच्या गणवेशात ओळखू येऊ नये, तसं मला झालं होतं. आप्पांनी दोनदा वाचलं. मग आतून माझ्या भाच्याची पाटी आणली, पेन्सिलीने 'कीती' लिहिलं, तर्जनी पाण्यात बुडवली आणि दुसऱ्या वेलांटीच्या दांडीवरून एकदा ओढली. 'क' तसाच राहिला. फुंकर घातली, पहिली वेलांटी काढली आणि पाटी माझ्यापुढे ठेवली.

"हेच ना गं?"

आप्पा हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झाले. पण नोकरीची पहिली अकरा वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळला होता. मुलांना ते हेच शिकवायचे. सगळी पाटी पुसायची नाही, थुंकी लावायची नाही, ओलं बोट आणि फक्त वेलांटी.

मी आधी रागावले. "पाटी वेगळी, फोन वेगळा, आप्पा. पाटीला कळत नाही वेलांटी कुठली ते. फोनला कळतं, आणि ते मी त्याला शिकवलंय."

"ते तुझंच आहे," आप्पा म्हणाले. "ते मी नाकारत नाही. पण या कागदावर तू बोट घासण्यावर हक्क मागते आहेस. शिकवण्यावर नाही."

आणि ते खरं होतं. माझे पाच महिने ज्या गणितात गेले होते ते मसुद्यात चौथ्या-पाचव्या दाव्यात, शेपटासारखं होतं. पहिला दावा, सगळ्यात रुंद, बोटाच्या हालचालीवर होता. वकिलांची त्यात काही चूक नव्हती. पेटंट असंच लिहितात: पहिलं कुंपण जितकं लांब घालता येईल तितकं लांब.

त्या काळात आमच्या धंद्यात सगळ्यांच्या तोंडी अॅपल आणि सॅमसंगचा खटला असायचा. २०१२ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या नऊ ज्युरींनी सॅमसंगला एक अब्ज डॉलरांहून जास्त भरपाई द्यायला सांगितली होती. ज्या पेटंटांवर ते भांडण झालं, त्यांपैकी एक मला मनापासून आवडतं. यादी वर सरकवत नेली, शेवट आला, आणि तरी बोट ओढत राहिलं, तर यादी थोडी ताणली जाते आणि सोडल्यावर स्प्रिंगसारखी जागेवर परत येते. त्याआधी शेवट आला की पडदा नुसता थिजायचा. शेवट आलाय की फोन अडकलाय, हे कळायचं नाही. कुणीतरी बसून विचार केला, की काचेच्या आत वजन नाही, ताण नाही, तरी बोटाला तो जाणवला पाहिजे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी एकाच यादीच्या शेवटाशी कितीतरी वेळ खेळत बसले होते. हे कुणाचंच नाही, हे तर उघडच होतं, असं कुणी म्हटलं तर मला पटणार नाही. दिसल्यावर उघड वाटणं वेगळं, आणि आधी सुचणं वेगळं.

पण त्याच कंपनीचं दुसरं पेटंट होतं फोन उघडण्याच्या सरकेवर. पडद्यावरचं चित्र बोटाने एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकवायचं आणि फोन उघडायचा. आप्पांना मी माझ्या फोनवर दाखवलं. त्यांनी न बोलता परसदाराच्या कडीकडे बोट केलं. स्वीडनच्या निओनोड नावाच्या छोट्या कंपनीच्या फोनमध्ये तशी सरक अॅपलच्या अर्जाच्या आधीपासून होती, फक्त बोटाबरोबर सरकणारं चित्र नव्हतं. मग पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. २०१२ मध्ये लंडनच्या न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवलं. २०१५ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानेही रद्द ठरवलं. अमेरिकेत ते एकदा पडलं, पुन्हा उभं राहिलं, आणि २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिल्यावर टिकलं. तेच बोट, तीच काच. ओहमचा नियम लंडनला एक आणि सॅन होजेला दुसरा असत नाही. हे मात्र असतं.

"मग हे विज्ञान नव्हे," आप्पा म्हणाले.

आमचा खरा वाद इथून सुरू झाला आणि तीन दिवस चालला. आंब्यांचा रस काढताना, रात्री गच्चीवर, सकाळी दूध आणायला जाताना. आई म्हणाली, तुम्ही दोघं ऐकत नाही, नुसते पाळीपाळीने बोलता.

माझं म्हणणं असं होतं, की सॉफ्टवेअरच्या पेटंटांचा तिढा विज्ञान सोडवू शकेल. शेवटी प्रोग्राम म्हणजे गणित. आणि गणितावर मालकी नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितलं आहे. दशमान अंकांच्या एका मांडणीचं द्विमान संख्येत रूपांतर करण्याची रीत दोघांनी पेटंटासाठी आणली होती, ती नाकारली गेली, कारण ती दिली तर ती आकडेमोडच त्यांची झाली असती. आपला कायदाही तेच म्हणतो. पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात, गणिती रीत आणि निव्वळ संगणक प्रोग्राम हे शोध नव्हेत, असं स्पष्ट आहे. २००४ च्या डिसेंबरमध्ये वटहुकूम काढून ते दार किलकिलं केलं होतं, पण पुढच्याच वर्षी संसदेने ते पुन्हा लावून घेतलं. आम्हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांवर संसदेने केलेला तो उपकार आहे, असं मी मानते. दर चार ओळींना कुणाच्या तरी कुंपणाला पाय लागेल अशा शेतात छोटा माणूस नांगर घालू शकत नाही. आणि वीस वर्षं हा काळ औषधाला शोभेल, फोनला नाही. वीस वर्षांत फोनच्या किती पिढ्या मरतात!

"बरं," आप्पा म्हणाले. "मग दोन प्रोग्राम एकच काम करतात की नाही, हे तुझं गणित ठरवून देईल?"

मी गप्प झाले, कारण उत्तर मला माहीत होतं. कॉलेजात आम्हाला ते शिकवलं होतं आणि परीक्षेनंतर मी ते बाजूला ठेवून दिलं होतं. अॅलन ट्युरिंगने १९३६ मध्ये दाखवलं, की कुठलाही प्रोग्राम दिला तरी तो कधीतरी थांबेल की चालतच राहील, हे सांगणारी एकच यांत्रिक रीत असू शकत नाही. १९५३ मध्ये हेन्री गॉर्डन राइस त्याच्या पुढे गेला. प्रोग्राम काय करतो याविषयीचा कुठलाही अर्थपूर्ण प्रश्न घ्या, सगळ्या प्रोग्रामांसाठी त्याचं उत्तर देणारी रीत नाही. दोन प्रोग्राम एकच काम करतात का, हा प्रश्न त्यातच येतो. म्हणजे नक्कल झाली आहे का हे न्यायालय जेव्हा विचारतं, तेव्हा ते जो प्रश्न विचारतं त्याच्या सर्वसाधारण रूपाला यंत्राकडून उत्तर मिळणार नाही, हे गणितानेच सिद्ध करून ठेवलं आहे. एखाद्या ठरावीक जोडीबद्दल माणूस बसून, वाचून, चालवून सांगू शकतो. पण त्याला बसावंच लागतं.

मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते कागदावर मांडून घेतलं. प्रोग्रामलाच प्रोग्राम खायला घालून विरोधाभास कसा येतो, ते समजून घेईपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. नापास होणारा मुलगा अचानक बरोबर उत्तर देतो तेव्हा मास्तरांचा होतो तसा.

"विज्ञान आपलं तोकडेपण स्वतः सिद्ध करून दाखवतं," ते म्हणाले. "असा प्रामाणिकपणा दुसरीकडे मी पाहिला नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला काकांकडे नेलं. जमिनीवर पंढरपूरकडून आलेले भोपळे, खिडकीत घोड्या ओळीने मांडलेल्या. आप्पांनी तिथे रामन यांचं नाव काढलं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्या तारांवर निबंध लिहिला होता. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराची गाठ असते, म्हणजे त्या स्वरापुरती तार तिथे हलत नाही, तो उपस्वर ऐकू येता कामा नये, असा जुना नियम. रामन यांना तंबोऱ्यात तो ऐकू आला, चांगला ठळक. कारण त्यांनी घोडीच्या रुंद, वळणदार माथ्यात आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यात शोधलं. इतकं सगळं विज्ञानाने उलगडलं. पण या लाकडाला आज, या हवेत, अजून किती कानस लागेल, हे त्या निबंधात नाही. ते काकांच्या बोटांत होतं. काकांनी तार छेडली, मान हलवली, आणि पुन्हा कानस उचलली. त्यांना ते त्यांच्या वडिलांनी दाखवलं होतं. कागद कुठेच नव्हता.

आप्पांना नेमकं हेच दाखवायचं होतं, हे मला परतताना समजलं. हळदीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यातला एक धागा सुटून जातो. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन भारतीय वंशाच्या संशोधकांना, जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेने दिलं. पुढच्या वर्षी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं. परिषदेचे प्रमुख तेव्हा रघुनाथ माशेलकर होते, गोव्यातल्या माशेलचे, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून तिकडे गेलेले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आपण जिंकलो. पण कशावर जिंकलो? बत्तीस लेखी संदर्भांवर. संस्कृत, उर्दू आणि हिंदीतले जुने ग्रंथ, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेख. माझी आजी गुडघा फुटल्यावर लावायची ती हळद तिथे साक्षीला चालली नसती. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात, परदेशातलं ज्ञान पेटंटच्या आड यायचं असेल तर ते छापलेलं किंवा पेटंट झालेलं हवं होतं. परदेशात नुसतं वापरात असणं, लोकांना ठाऊक असणं, मोजलं जात नव्हतं. २०११ मध्ये त्यांनी तो कायदा बदलला आणि २०१३ च्या मार्चपासून तो नव्या अर्जांना लागू झाला. आता जगात कुठेही लोकांसाठी खुलं असलेलं ज्ञान चालतं. तरी पुरावा द्यावाच लागतो.

आप्पांचा आणि माझा वाद विज्ञानाच्या मर्यादेवर चालला होता, पण माझं मत बदललं ते या हळदीमुळे. अमुक गोष्ट नवी आहे, हे म्हणजे काय? विज्ञान सांगेल ती खरी आहे का. गणित सांगेल ती सिद्ध होते का. 'नवी' हा शब्द मात्र कुणाकुणाला आधी काय ठाऊक होतं यावर उभा आहे, आणि ते मोजायला आपल्याजवळ कागदाशिवाय काही नाही. ज्यांचं ज्ञान बोटांत आहे, जिभेवर आहे, ते त्या मोजणीत येतच नाहीत. माझा शोध नवा ठरणार होता, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या ओल्या बोटाबद्दल कुणी निबंध लिहिलेला नव्हता.

जगदीशचंद्र बोस यांचं आप्पांना फार प्रेम. फोनच्या लहरींचा विषय निघाला की ते हटकून आणतात. १८९५ च्या सुमाराला कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात बोस मिलिमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या विद्युतलहरींवर प्रयोग करत होते. त्या पट्ट्याकडे मोबाइलचं जग शंभराहून अधिक वर्षांनी वळलं. १९०१ मध्ये लंडनहून त्यांनी रवींद्रनाथांना लिहिलं, की एका मोठ्या तारायंत्र कंपनीचा मालक पेटंटचा अर्ज हातात घेऊन आला होता, व्याख्यानात सगळं उघड करू नका असं विनवत होता. बोस यांना त्या लोभाचा तिटकारा आला. पुढे मित्रमंडळींच्या आग्रहाने एक अमेरिकन पेटंट निघालं, १९०४ मध्ये मिळालं, स्फटिकाच्या ग्राहकावर. त्याचा त्यांनी पैशासाठी उपयोग केला नाही. आप्पांना यात साधुत्व दिसतं. मला त्यातलं एवढंच घ्यावंसं वाटतं, की बोस यांनी सगळं लिहिलं, छापलं, लोकांसमोर करून दाखवलं. म्हणून आज त्यांचं श्रेय त्यांना देता येतं. साधुत्व माझ्या आवाक्यात नाही. मला पगार हवा होता, आणि कोड ज्याने लिहिला त्याचा कोड चोरला जाऊ नये हेही मला हवं आहे. त्यासाठी लेखनाचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, पुरतो. बोट घासण्यावर हक्क लागत नाही.

पुण्याला परतल्यावर मी वकिलांना पाटीबद्दल सविस्तर लिहिलं. त्यांनी सौजन्याने उत्तर दिलं आणि विचारलं, याचं काही प्रकाशित साहित्य आहे का, तारखेसह. नव्हतं. मी पहिला दावा अरुंद करायला सांगितला, बोटाची हालचाल काढून ओळखण्याची रीत पुढे आणायला. त्याच जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा अॅलिस खटल्यातला निकाल आला, की अमूर्त कल्पनेला नुसता संगणक जोडला म्हणून ती शोध ठरत नाही. सगळीकडे अर्ज चाळले जाऊ लागले. कंपनीने खर्चाचा हिशेब केला आणि माझा अर्ज सोडून दिला. वाईट वाटलं. हलकंही वाटलं. आयआयटी मुंबईच्या लोकांनी त्याच्या आदल्या वर्षी स्वरचक्र नावाचा कळफलक सगळ्यांसाठी मोफत दिला होता: व्यंजनावर बोट ठेवा, भोवती त्याची बाराखडी फुलते. आई तोच वापरू लागली.

मिरजेहून निघताना आप्पांनी मला दोन फुलस्केप पानं दिली होती. रात्री बसून शाईने लिहिलेली, खाली सही आणि तारीख, १८ मे २०१४. "छापून टाक कुठेतरी. म्हणजे उद्या दुसऱ्या कुणी कुंपण घालायचं म्हटलं तर हे सापडेल." आमच्या धंद्यात याला नाव आहे, डिफेन्सिव्ह पब्लिकेशन म्हणतात. आप्पांना ते नाव ठाऊक नव्हतं. मी पानं कपाटात ठेवली आणि ती तिथेच राहिली. यात चूक माझी आहे. दर फोनला ते विचारतात, छापलंस का. म्हणून आज त्यातला मुख्य भाग जसाच्या तसा देते.

"इयत्ता पहिली. मूल 'किडा' लिहिताना पुष्कळदा दुसरी वेलांटी देते. अशा वेळी पूर्ण शब्द पुसू देऊ नये, कारण बरोबर आलेले अक्षर पुन्हा चुकण्याची भीती असते. उजव्या हाताची तर्जनी पाण्यात बुडवून झटकावी, थेंब राहू नये. वेलांटीच्या दांडीवर वरून खाली एकदाच ओढावी. शेजारच्या 'डा'ला धक्का लागू नये म्हणून बोट थोडे डावीकडे कलते धरावे. वरचा बाक टोकाने टिपावा. फुंकर घालून जागा वाळू द्यावी, ओल्या पाटीवर पेन्सिल उमटत नाही. मग पहिली वेलांटी काढावी. उकार, मात्रा आणि रफार यांसाठीही हीच रीत, फक्त रफाराच्या वेळी बोट खालून वर न्यावे. मी हे शाळेत रुजू झालो तेव्हा तिथल्या वडील गुरुजींकडून शिकलो. त्यांना ते त्यांच्या पहिलीच्या बाईंनी दाखवले होते, असे ते सांगत."